वासुदेवरावांच्या टेबलावर अडलेले भाषण

मुद्रितशोधकाच्या नोकरीसाठी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा श्री. वासुदेवराव चांदेकर यांना मी प्रथम पाहिले. ते आमच्या दैनिकाचे वृत्तसंपादक. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"एकही चूक नाही. मंग मॅट्रिक काहून नाही झाला गा?"

"बसलो होतो साहेब. इंग्रजीनं उठवलं."

ते मोठ्याने हसले आणि मला ठेवून घेतले. पुढे काम संपल्यावर टेलिप्रिंटरवर आलेल्या बातम्या समोर ठेवून तेच मला इंग्रजी शिकवू लागले.

त्या बातम्यांत 'ड्वेल्ट' हे क्रियापद फार येई. वक्ता एखाद्या विषयावर बराच वेळ रेंगाळला, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे त्याचे मराठी ठरलेले होते: 'सविस्तर प्रकाश टाकला.' वासुदेवरावांच्या टेबलावर मात्र असे वाक्य अडे. वक्ता काय बोलला हे कळल्याशिवाय ते पुढे जात नसे.

एकदा सावनेरला एका मंत्र्यांचे भाषण झाले. जवळच्या एका गावातल्या विहिरी कोळशाच्या खाणीमुळे आटल्या होत्या आणि गावकरी श्रमदानाने नवी विहीर खोदत होते. मंत्री पाणीप्रश्नावर 'ड्वेल्ट', असे इंग्रजी बातमीत होते. मंत्री आमच्या मालकांचे स्नेही. 'पाणीप्रश्न सुटणार' असा मथळा मालकांनी आधीच सांगून ठेवला होता.

वासुदेवरावांनी सावनेरच्या वार्ताहराला फोन लावला. त्याचे सायकलचे दुकान होते; तो सभेला हजर होता.

"पाण्यावर लय बोलले साहेब! लोकायनं टाळ्या वाजवल्या."

"देल्लं काय?"

"शाबासकी देल्ली."

"अन् गावात नळ? कधी येणार?"

"त्याचं नावच नाही काढलं."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात छापून आले: 'मंत्री पाण्याविषयी बराच वेळ बोलले. योजना किंवा मुदत सांगितली नाही.' मालकांनी वासुदेवरावांना बोलावून घेतले. त्यांची खुर्ची जाणार, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. ते परत आले, चष्मा पुसला आणि पुढची बातमी हाती घेतली. आत काय झाले, हे त्यांनी आजवर सांगितलेले नाही.

त्यांचा हा स्वभाव कचेरीपुरता नाही. माझी आई धंतोलीच्या दवाखान्यात होती, तेव्हा ते रोज डबा घेऊन येत. डॉक्टर माझ्याशी अर्धे इंग्रजीत बोलत. एकदा वासुदेवरावांनी त्यांना नम्रपणे थांबवले. "आजार यांच्या आईचा आहे. तिला समजेल असं सांगा." मग डॉक्टर खाटेवर बसून आईशी बोलले. त्या रात्री ती शांत झोपली.

मंत्र्यांच्या त्या भाषणानंतरच्या उन्हाळ्यात सावनेरकडचे शामराव नावाचे शेतकरी पाण्याने भरलेली कॅन घेऊन कचेरीत आले. त्यांच्या गावच्या नव्या विहिरीचे पाणी होते ते.

"दुसऱ्या पेपरात नळ येणार म्हून छापलं होतं," ते म्हणाले. "पोट्टे कुदळी टाकून घरी चालले होते. तुमचा पेपर चौकात वाचला अन् पुन्हा विहिरीत उतरले."

मालक तिथेच उभे होते. वासुदेवरावांनी पहिला पेला त्यांच्यापुढे धरला.

"खारं तर नाही ना?" मालकांनी विचारले.

"खारं असतं तं मंत्र्याकडं नेलं असतं मालक!" शामराव म्हणाले.

मालकांना हसू आवरले नाही. त्यांनी पेला रिकामा केला आणि दुसरा स्वतःच्या हाताने भरून वासुदेवरावांना दिला.

वासुदेवराव आता साठ वर्षांचे झाले. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी त्यांनी आमच्यात बसून पाहावी, आणि तोवर आमच्या बातम्या त्यांच्या टेबलावर अशाच अडत राहोत, एवढेच मागणे.