आभार माझे, टाळ्या त्याच्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दारामागच्या खिळ्यावर पिशव्या साठतात तसे ते साठतात, आणि एखादी ओढायला जावं तर सगळ्याच अंगावर येतात. आमच्या मंडळाचं तसंच. आणि मंडळ म्हटलं की प्रभाकर आलाच. मी त्याच्याबद्दल इतकं रंगवून सांगतो की ऐकणाऱ्यांना वाटतं, काय जिवलग दोस्ती! दोस्ती होतीच. पण खरं सांगू का, मी त्या माणसावर जळायचो. मनापासून, वर्षानुवर्षं जळायचो.

मंडळ नाशिकचं, सत्तरच्या दशकातलं. सुमतीबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेनं काढलेलं. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान हे सगळं कॉलेजच्या कंपाउंडमध्ये कोंडून ठेवलंय, ते गावागावांत जायला पाहिजे, असं बाईंचं म्हणणं. शहरातले काही वकील-डॉक्टर वर्गणी द्यायचे. गावानं केंद्र काढायचं, विषयही गावानंच ठरवायचा. मंडळ वक्ता पाठवणार, बॅटरीवरचा लाउडस्पीकर देणार आणि पुस्तकांची एक पत्र्याची पेटी पुढचे काही महिने गावात ठेवणार.

मी इतिहासाचा प्राध्यापक, प्रभाकर तत्त्वज्ञानाचा. दोघं एकाच कॉलेजात, एकाच स्टाफरूममध्ये, समोरासमोरच्या खुर्च्यांवर.

बाईंचा एक नियम होता. वक्ते जोडीनं जाणार. एकानं भाषण करायचं, दुसऱ्यानं आभार मानायचे. गावातल्या माणसाच्या हाती आभार दिले की तो सरपंचापासून सतरंजी अंथरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतो आणि तोवर लोक घरी जातात, चर्चा राहूनच जाते, हा बाईंचा अनुभव. आणि बाई कार्यक्रमाचं यश मोजायच्या ते चर्चेवरून. वक्ता कितीही गाजला तरी लोक बोलले नाहीत तर बाईंच्या लेखी तो कार्यक्रम पडला.

\* \* \*

सिन्नरला पहिलं भाषण माझं होतं. मी नकाशे नेले होते. मंदिराच्या शिल्पांची चित्रं स्वतः काढून नेली होती. असा बोललो, असा बोललो की मलाच माझं कौतुक वाटलं.

मग प्रभाकर आभाराला उठला. म्हणाला, "मोहननं इतकं सगळं सांगितलंय की आता विचारायला काही उरलंच नाही."

लोकांनी ते खरं मानलं. कुणी काही विचारलं नाही. सतरंज्या झटकायला सुरुवात झाली. जाताना एक म्हातारे गृहस्थ माझा हात धरून म्हणाले, "माहिती लय दिली बरं का सर." भाषण फसल्याची याहून सभ्य पावती मला आजवर मिळालेली नाही.

आम्ही नाशिकला परतल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "लोक काय म्हणाले?" मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं वाक्य सांगितलं. पुढच्या महिन्यापासून भाषणं प्रभाकरकडे गेली आणि आभार माझ्याकडे आले.

\* \* \*

चांदवडला प्रभाकरची एसटी चुकली. आम्ही शाळेच्या पटांगणात वाट बघतोय, लोक चुळबुळ करताहेत, आणि हा कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून उतरतोय. शर्टाला कांद्याची टरफलं चिकटलेली. विषय होता 'आपल्या गावचा इतिहास'. म्हणजे माझा विषय, हे लक्षात घ्या.

हा उभा राहिला आणि म्हणाला, "कागद ट्रकमध्ये राहिले. तुम्हीच सांगा, या गावात सगळ्यात जुनं काय आहे?"

एक म्हणाला किल्ला. दुसरा म्हणाला बारव. मागून एक बाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग मलाच बोलू द्या की." आणि त्या बोलल्या! बारवेवर पूर्वी कोण कुठल्या बाजूनं पाणी भरायचं, कुणाला उतरू द्यायचे नाहीत, सगळं सांगितलं. त्यावरून जो वाद पेटला तो संध्याकाळपर्यंत चालला. सुमतीबाई खूश. प्रभाकर मध्ये मध्ये मान हलवत होता आणि एकदा बारव कुठल्याशा राजाच्या नावावर टाकून मोकळा झाला, एवढंच त्याचं भाषण.

आभाराला उठलो आणि तोंडातून निघून गेलं, "प्रभाकररावांचे आभार. त्यांनी मध्येच बारव ज्या राजाच्या नावावर टाकली तो राजा ती बांधली तेव्हा जन्मला नव्हता, तेवढं सोडलं तर कार्यक्रम उत्तम झाला."

लोक हसले. प्रभाकर सगळ्यांत मोठ्यानं हसला. तेही मला आवडलं नाही.

\* \* \*

जेवणाचंही तेच. एका गावी यजमानीणबाई पुरणपोळी वाढत होत्या. प्रभाकरच्या पोळीवर तुपाची वाटी उपडी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला भात घालू?" माझी पहिली पोळी अजून पानात होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला राग नक्की कशाचा आलाय? भाषणाचा की तुपाचा?"

मी म्हणालो, "दोन्हींचा."

\* \* \*

शहरातल्या एका बौद्ध वस्तीत, विहाराच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. कारकून, शिक्षक, कारखान्यातले कामगार, सगळे वाचणारे लोक. आमच्या पेटीतली पुस्तकं त्यांनी आधीच संपवली होती. प्रभाकर तिथे 'जग हे माया आहे का' यावर बोलायला लागला. मी मनात म्हटलं, आता बघू.

लोखंडेबाई म्हणून एक शिक्षिका उठल्या. "सर, सकाळी मी रॉकेलच्या रांगेत उभी होते. ती रांग माया का?"

प्रभाकरनं डोकं खाजवलं. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला खाली बघितलं. आणि हा म्हणतो कसा, "नाही. रांग खरी आहे. बाई, तुमच्या एका प्रश्नात माझं अर्धं भाषण गेलं."

टाळ्या! हरलेल्या माणसाला टाळ्या! माझी सिन्नरची सगळी चित्रं आठवली मला.

त्या दिवशी मी आभारात हात राखला नाही. प्रभाकर कुठे घसरला, कुठे सावरला, लोखंडेबाईंचा प्रश्न जुन्या काळी कुणी कुणी कसा विचारला होता, असं सगळं सांगितलं. आभार लांबले. नंतर लोखंडेबाई चहा देताना म्हणाल्या, "तुम्ही आभार छान मानता, सर." मला वाटलं, माझ्यावरच टोमणा आहे.

\* \* \*

हरसूलला बाजाराच्या दिवशी, दुपारी बाजार उलगून माणसं मोकळी झाल्यावर कार्यक्रम असायचा. तिथलं केंद्र भोये गुरुजी चालवायचे. एकदा प्रभाकरचं भाषण संपलं तसे मागचे काही लोक उठले. त्यांच्या गावाकडे जाणारी दिवसातली शेवटची एसटी यायची वेळ झाली होती. भोये गुरुजी ओरडले, "बसा, बसा. आभार व्हायचे हायेत."

आणि लोक बसले. गाडी आली, उभी राहिली, निघून गेली. मला वाटलं, किती सभ्य गाव आहे.

\* \* \*

आता शेवटचा किस्सा. त्याआधी हे सांगायला हवं की मंडळाचं दर वर्षी एक मोठं व्याख्यान नाशिकला व्हायचं. शाळेच्या मैदानावर, मांडव घालून. सगळ्या केंद्रांची माणसं यायची. वक्ता कोण, हे केंद्रांनीच ठरवायचं, आणि दर वर्षी प्रभाकरच ठरायचा. मला ते व्याख्यान हवं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नसेल. माझे वडील दर वर्षी पहिल्या रांगेत बसून मला आभार मानताना बघायचे आणि घरी जाताना विचारायचे, "तुझं कधी?"

त्या वर्षी केंद्रांच्या बैठकीआधी सुमतीबाई मला म्हणाल्या, "मोहनराव, यंदा तुमचं नाव मी स्वतः सुचवणार आहे." मी वडिलांना सांगितलं. वडिलांनी गल्लीला सांगितलं. कोट धोब्याकडे गेला.

बैठकीत बाईंनी नाव सुचवलं. भोये गुरुजी लगेच उठले. "नाय बाई. भाषण प्रभाकर सरांचंच ठेवा."

समोर प्रभाकर संकोचानं हसत होता. त्या क्षणी मला तो जितका नकोसा झाला तितका कधीच झाला नव्हता.

गुरुजी पुढे म्हणाले, "पण थोडक्यात ठेवा. आभाराला वेळ जास्त पाहिजे. आमची माणसं त्यासाठी येत्यात."

सिन्नरवाले म्हणाले, बरोबर. चांदवडवाल्यांनी मान हलवली. लोखंडेबाई म्हणाल्या, "आम्ही तर भाषण ऐकतानाच म्हणत असतो, आता याचं मोहन सर काय करतात बघू. आणि ते ऐकलं की आम्हालाही बोलायचा धीर येतो."

सुमतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे. भाषण अर्धा तास. आभार एक तास."

ठरल्याप्रमाणे झालं. मांडव भरला. प्रभाकर बोलला, लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी उठलो, तेव्हा दाण्याच्या गाडीपाशी गेलेली माणसं धावत परत आली. काय बोललो ते नीटसं आठवत नाही. प्रभाकरची एकही चूक सोडली नाही, एवढं आठवतं. पुढे चर्चा इतकी रंगली की बाईंना हात जोडून ती थांबवावी लागली. पहिल्या रांगेत वडील शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसत होते.

मांडवाबाहेर प्रभाकर सायकल हातात धरून माझ्यासाठी थांबला होता. हसत नव्हता. आम्ही चालायला लागलो. मग तो म्हणाला, "मोहन, पुढच्या वर्षी भाषण तू कर. मी बाईंना सांगतो, केंद्रवाल्यांनाही पटवतो. आभार मी मानतो."

मी म्हणालो, "जमणार नाही."