माहेरच्या किनाऱ्यावर हॉटेलात

"वारा फिरला गं, कपडे काढा!" मांजर्लीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून काकूंची हाक आली, की आम्ही मुकाट्याने दोऱ्या रिकाम्या करायचो. कधी पाऊस यायचा, कधी नाही. नाही आला तर काकू नाक मुरडून म्हणायच्या, "समुद्राकाठचा वारा असता तर आला असता पाऊस. इथला वारा बेभरवशाचा."

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, जिचं बोलणं फिरून फिरून माहेराशी येतं. काकूंचं माहेर कोकणात, दोन डोंगरांच्या मधोमध चंद्रकोरीसारखा किनारा. सुरूचं बन, मागे केवडा, ओहोटीला वाळूवर खेकड्यांनी घातलेली नक्षी, थंडीत उतरणारे पांढरे कुरव पक्षी. सगळं आम्हाला पाठ. काकू मात्र लग्नानंतर तिकडे गेल्याच नव्हत्या. जातीबाहेर लग्न केलं म्हणून वडिलांनी दार बंद केलं होतं. वडील गेले, पुढे काकाही गेले, तरी त्या गेल्या नाहीत. "कोणी ये म्हटलं नाही, मग जायचं कसं?" म्हणायच्या आणि गॅसकडे वळायच्या.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीच्या बायकांची सहल ठरली. मोबाइलवर फोटो बघून पोरींनी नेमका तोच किनारा निवडला. मी भीतभीतच काकूंना विचारलं.

"हॉटेलात उतरायचंय ना? मग कोणाला विचारायचंय? येते."

किनाऱ्यावर उंट, घोडागाड्या, भेळेचे ठेले. काकूंनी चपला हातात घेतल्या आणि गर्दीतून थेट टोकाच्या खडकांकडे निघाल्या. मी मागोमाग. तिथे कालवं फोडत बसलेला एक पिकल्या केसांचा माणूस ओरडला, "ओ बाई, शेवाळ आहे, घसराल!"

काकू थांबल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगतोस? तुला या खडकांवर हात धरून चालवलं कोणी?"

त्याच्या हातातली कोयती खाली आली. "ताई?"

काकू घर सोडून गेल्या तेव्हा हा धाकटा भाऊ शाळेत होता.

"कुठे उतरलीस?"

"हॉटेलात."

"घर काय समुद्राने नेलं होतं?"

"कोणी बोलावलं नाही रे."

"मला वाटलं, तूच रागावलीस."

भरतीचं पाणी घोट्यांपर्यंत चढलं. शेवटी त्याने काकूंच्या हातातल्या चपला घेतल्या आणि घराच्या दिशेने चालू लागला.

दुपारी आम्ही सगळ्याजणी त्याच्या पडवीत जेवलो. त्याची बायको काकूंना पाटावर बसवायला बघत होती. त्या ऐकतील तर ना! "या माझ्या पाहुण्या आहेत," असं म्हणत त्याच वाढत राहिल्या. डोळे पुसायला मध्येच आत जायच्या आणि बाहेर येताना हातात भाताचं भांडं असायचं.

दुसऱ्या दिवशी बस सुटताना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी येते चार दिवसांनी."

ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी बंदच आहे. परवा न राहवून फोन केला. मागून लाटांचा आवाज येत होता.

"लवकर बोल गं," काकू म्हणाल्या. "ओहोटी लागलीय. भाऊ खाली खडकांवर थांबलाय माझ्यासाठी."