अभिमन नानांची लाट

बत्तीस वर्षं एसटी चालवून अभिमन नाना निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात डेपोतला एक कंडक्टर म्हणाला, "नानांच्या गाडीला बैलगाडीसुद्धा मागं टाकून जायची." सगळे खो-खो हसले. नानाही हसले. पण गळ्यातला हार पिशवीत कोंबताना ते वाक्य त्यांना बोचलंच. गाडीचा वेग वरूनच बांधलेला, रस्ते ते तसले, त्यात आपला काय दोष?

त्यांचं गाव निमखेडं तापीच्या काठावर. खाली बंधारा झाल्यापासून नदी तळ्यासारखी फुगलेली. चोपड्याच्या बाजूला जायचं तर पुलावरून वीस किलोमीटरचा वळसा, नाहीतर नाव. नावेचा ठेका मगनकडे होता. त्यानं त्या साली वल्ह्याची नाव काढून फायबरची मोटरबोट आणली आणि नानांना गाठलं.

"नाना, तुम्ही ड्रायव्हर. रस्ता काय, पाणी काय, हँडल तर हातातच."

नाना लगेच हो म्हणाले. आपल्याला पोहता येत नाही, हे मगननं विचारलं नाही आणि नानांनी सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी नानांनी हँडल पिळलं, तशी बोटीनं नाक वर उचललं आणि ती सुटली. डोक्यावरची टोपी उडून पाण्यात गेली. समोर खड्डा नाही, गतिरोधक नाही, म्हैस नाही. साठीला दोन वर्षं उरलेला हा माणूस त्या दिवशी पैलतीरावर उतरला तो मिशीत हसतच. दुसऱ्या दिवसापासून आपण सहा मिनिटांत नदी पार करतो, हे ते भेटेल त्याला सांगू लागले. वल्ह्याच्या नावेला अर्धा तास लागायचा, हे सांगायलाही विसरत नसत.

त्यांनी भंगारातून एसटीचा जुना आरसा आणून बोटीला बसवला. त्यात ते मिशा बघत. मागचं पाणी बघायचं त्यांना एकदाही सुचलं नाही. लाइफ जॅकेटं बोटीत सात होती. प्रवाशांना ती घालायला उकडायचं. नाना मात्र घरून निघतानाच जॅकेट चढवून, गळ्यापर्यंत चेन ओढून घाटावर येत. कुणी विचारलं, तर म्हणत, "ड्युटीचा ड्रेस आहे."

बोटीच्या वाटेवर, निमखेड्याच्याच काठाला, काळ्या खडकांची एक रांग पाण्यात उतरलेली आहे. तिथं पाणी खोल आणि संथ, म्हणून गळ टाकणारे तिथं बसत. त्यात खाज्याभाऊ रोजचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून तो कामाला म्हणून खाली आला आणि काठावरच राहिला. कधी खडकावरून, कधी ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी टाकून तो पाण्यात बसे. दुसरे नासीरभाई. चोपड्यात त्यांचं शिलाईचं दुकान. शुक्रवारी दुकान बंद असलं की नमाज आटोपून, दुपारच्या फेरीनं ते अलीकडे येत. मोरपिसाच्या दांड्याचा तरंगा, कणकेच्या गोळ्या, सगळं कसं टापटीप. आणि ज्या बोटीनं यायचं तिच्याच लाटेनं मासे पळायचे, म्हणून बिचारे बोलायला संकोचत.

शेवटी बोलला खाज्याभाऊच. बोट घाटाला लागत होती, तेव्हा तो कडेला येऊन म्हणाला, "नाना, खडकंजोडे जरासं हळू चालाड. मासा बठ्ठा पयी जातस."

"अरे, नदी काय तुन्ही एकल्यानी शे का?" नाना म्हणाले. रस्त्यावर कुणी आडवं आलं की जो आवाज निघायचा, तोच निघाला.

 बोटीतून उतरणाऱ्या नासीरभाईंनी मधला मार्ग काढला. "नानासाहेब, आमची एवढीच विनंती की आमचा थोडा विचार ठेवा. आधी कळलं, तर आम्ही सावरून बसू."

'नानासाहेब' ऐकून नाना विरघळले. विचार ठेवायचा तर आपल्याएवढा कोण ठेवणार! दोन दिवसांत त्यांनी बोटीला ट्रकचा हॉर्न बसवला. आता खडक दिसले की ते लांबूनच पोंऽऽ पोंऽऽ करत आणि मग त्याच वेगानं जात. आरशात बघत स्वतःशीच मान डोलावत. आधी मासे लाटेनं पळत होते, आता हॉर्नच्या भीतीनं बगळेसुद्धा उठायला लागले.

पौषातली ती सकाळ नाना पुढे स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि सांगताना स्वतःला जराही सोडत नसत. बोटीत नऊ माणसं होती. पैलतीरावरच्या शाळेत शिकवणाऱ्या मोनाली मॅडम पुढच्या फळीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाना, आज उशीर झालाय हो." एवढं पुरे होतं. नानांनी हँडल पूर्ण पिळलं.

खडकांपुढे खाज्याभाऊ ट्यूबवर बसला होता. दोन काठ्या फळीला बांधलेल्या आणि तिसऱ्या दोराला काहीतरी मोठं लागलेलं. तो दोर सैल सोडत होता, पुन्हा ओढत होता. नानांनी हॉर्न दिला. खाज्याभाऊनं मोकळा हात वर करून थांबायची खूण केली. नानांना वाटलं, राम राम करतोय. त्यांनीही हात केला आणि बोट त्याच्या दहा हातांवरून नेली.

"नाना, तो पडला!" मॅडम ओरडल्या.

नानांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा आरशात मागचं पाणी पाहिलं. ट्यूब उलटी झाली होती. माणूस दिसत नव्हता.

 जे कधी करू नये, तेच नानांनी केलं: पूर्ण वेगात बोट वळवली. एक बाई दुसरीच्या मांडीवर गेली, भाजीची पाटी उलटली. बोट खाज्याभाऊच्या पसरलेल्या दोरांवरून गेली, मागे खर्रर्र झालं आणि इंजिन गपकन बंद पडलं. नायलॉनचा दोर पंख्यात गुरफटला होता.

एकदम शांतता झाली. त्या शांततेत खाज्याभाऊचं डोकं वर आलं. त्यानं तोंडातलं पाणी थुंकलं.

"थांब, जॅकेट टाकस!" नाना ओरडले. सहा जॅकेटं मागच्या फळीखाली दाबलेली होती आणि फळीवर माणसं. म्हणून त्यांनी अंगातलंच काढायला घेतलं. चेन अडकली. वर जाईना, खाली येईना. ते डोक्यावरून ओढायला लागले आणि दोन्ही हात वर, तोंड जॅकेटात, असे अडकून उभे राहिले. बोट डुलली. सगळी माणसं एकदम किंचाळली.

"नाना," खाली पाण्यातून आवाज आला, "तू खाले बस पहिले."

खाज्याभाऊ पोहत बोटीपर्यंत आला होता. बोट हळूहळू बंधाऱ्याच्या दिशेनं सरकत होती. बंधारा लांब होता, पाण्याला ओढही फारशी नव्हती, पण नानांना त्या घटकेला बंधाऱ्याची दारं अगदी समोर दिसत होती.

"तुले पव्हता येस का?" खाज्याभाऊनं बोटीची कड धरून विचारलं.

नऊ प्रवासी नानांकडे बघत होते. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"नही येस," नाना जॅकेटातून म्हणाले.

मोनाली मॅडमनी हातातली वही छातीशी घट्ट धरली.

खाज्याभाऊ हसला नाही. त्यानं कमरेचा चाकू काढला, बोटीमागे बुडी मारली, वर आला, पुन्हा बुडी मारली. चौथ्या बुडीला दोराचा गुंताडा हातात घेऊन वर आला. पौषातल्या पाण्यानं त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. त्याचा चांगला मोठा कतला मासा निसटून गेला होता, दोर गेले होते, एक काठी वाहून गेली होती. नानांनी इंजिन सुरू केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोट पायी चालल्यासारखी काठाला नेली. घाटावर त्यांनी आपलं कोरडं उपरणं त्याच्या अंगावर टाकलं.  "चहा पे," एवढंच कसंबसं निघालं.

त्याच दिवशी नानांनी हॉर्न काढून टाकला. दुसऱ्या दिवसापासून नाना शहाण्यासारखे वागू लागले, म्हणजे निदान त्यांना तसं वाटलं. खडकांपर्यंत ते वेगात येत आणि अगदी समोर आले की हँडल एकदम सोडत. बोट नाक टेकून थांबे आणि मागून आलेली तिची स्वतःची लाट पुढे निघून जाई. शुक्रवारी ती लाट नासीरभाईंच्या मांडीत जाऊन बसली. कणकेच्या गोळ्या विरघळल्या.

"नानासाहेब," ते विजार पिळत म्हणाले, "रागावू नका, पण पहिला हॉर्नच बरा होता."

"मी तर हळू केली!" नाना कळवळून म्हणाले.

खाज्याभाऊनं मग त्यांना हाताला धरून खडकावर बसवलं आणि मगनला बोट घेऊन समोरून जायला सांगितलं. मगन गेला. पाणी तसंच होतं.

"काय व्हयनं? काहीच नही," नाना म्हणाले आणि उठायला लागले.

"बस आठे."

बोट चांगली पुढे गेली, मगननं लांबून हात केला आणि मग लाट आली. एक, मागून दुसरी, तिसरी सगळ्यात मोठी. नानांच्या वहाणा खडकावरून उचलून तिनं पाण्यात नेल्या. नाना भिजल्या धोतरात तसेच बसून राहिले. माणूस निघून जातो, त्याला पत्ताही नसतो आणि इथं बसलेल्याच्या पदरात हे पडतं! बत्तीस वर्षं रस्त्याकडेच्या माणसांवर किती डबक्यांचं पाणी उडवलं असेल, हे त्यांच्या मनात आलं. त्यांनी हिशेब करायचा नाद सोडून दिला.

"ती बाभूळ दिसस?" खाज्याभाऊनं वरच्या अंगाला बोट दाखवलं. "तठेपासून हळू. आणि लांबथून जा."

आता नानांना नदी पार करायला चौदा मिनिटं लागतात. बाभूळ आली की इंजिन नुसतं गुरगुरतं आणि बोट पैलतीराच्या अंगानं सरकते. प्रवासी कुरकुरतात. मोनाली मॅडम तेवढ्या वेळात वह्या तपासून घेतात, मात्र आधी जॅकेट घालून. कुणी घाई केली, तर नाना म्हणतात, "दादा, मले पव्हता येत नही, तुले येस का?" माणूस फळीखालचं जॅकेट ओढून घेतो.

परवाच्या शुक्रवारी खाज्याभाऊच्या गळाला पुन्हा मोठं काहीतरी लागलं. नानांनी बाभळीपाशीच इंजिन बंद केलं आणि वल्ह्यानं बोट जागेवर धरली. अख्खी बोट श्वास रोखून बघत होती. खडकावर नासीरभाई हातजाळं घेऊन वाकले होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माशाची रुंद पाठ एकदा वर येऊन चमकली आणि दोर तुटला.

"अरेरेरे!" बोटीतून सगळ्यांचा एकच सूर निघाला.

खाज्याभाऊनं तुटका दोर गुंडाळला, बोटीकडे बघितलं आणि ओरडला, "नाना, आज तुन्ही काही चूक नही!"

एवढ्या वर्षांत इतकं चांगलं प्रमाणपत्र नानांना कुणी दिलं नव्हतं. त्या दिवशी दोन्ही काठांवर जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, की खाज्याभाऊचा मासा गेला आणि तो आपल्यामुळे गेला नाही.