बाबूरावांची एकोणीस वर्षं

बाबूराव इंगळे यांच्यावर मी एकदा अन्याय केला. तो छापील असल्यामुळे नाकबूल करायची सोय नाही. इंदूरच्या निदान दोनशे मराठी घरांत त्याचा पुरावा आहे, किंवा होता; काही घरांत त्यात शेव बांधली गेली असेल.

१९९३ सालची गोष्ट. मी तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या 'मंडळवार्ता' या मासिकाचा संपादक होतो. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी सुदामा नगरातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, संपादकी. पंचवीस तारखेच्या आत चोवीस पानं भरायची, हा आमचा एकमेव वाङ्मयीन निकष. कविता आली की कविता, सहलीचं वर्णन आलं की सहल, आणि काहीच आलं नाही की माझी बायको वसुधा हिची पाककृती. त्यांतल्या निम्म्या पाककृती मीच रचलेल्या आहेत. त्या करून बघितलेल्या कोणाचंही पत्र अजून आलेलं नाही.

अशाच एका पंचवीस तारखेला बाबूराव सायकलवरून आले. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वडील महूच्या पलटणीत होते आणि त्यांची शिस्त मुलाच्या पाठीच्या कण्यात उतरली होती. राहायला परदेशीपुऱ्यात. बावीस वर्षं एका कापड मिलच्या विणाई खात्यात नोकरी झाली होती आणि मिल बंद पडून वर्ष उलटलं होतं.

त्यांचं काम चमत्कारिक होतं. हवा कोरडी पडली की मागावरचे धागे तटातट तुटतात, म्हणून खात्यात पाण्याचे फवारे सोडून हवा दमट ठेवावी लागते. ती किती दमट आहे हे बाबूराव दर दोन तासांनी मोजायचे. भिंतीवर दोन थर्मामीटर, एकाच्या बुडाला ओली चिंधी. दोघांतल्या फरकावरून ओलावा कळतो. तो वहीत लिहायचा, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. बाबूरावांनी आपल्या मनानं शेजारी आणखी एक रकाना आखला: ठरलेल्या बारा मागांवर तेवढ्या वेळात किती धागे तुटले. "हवा लिहायची आणि हवेनं काय केलं ते नाही लिहायचं, ये तो कोई बात नहीं हुई," असं त्यांचं म्हणणं.

बावीस वर्षांच्या चव्वेचाळीस वह्या झाल्या. प्रत्येक पानावर साहेबांची सही, आणि साहेबांनी वाचलेलं पान एकही नाही. एकदा मे महिन्यात बाबूरावांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आज गरमी फार आहे, साहेबांनी घरी जाऊन झोपावं.' त्यावरही सही आली. हे सांगताना बाबूराव पोट धरून हसायचे.

मिल बंद पडली तेव्हा माग भंगारात गेले आणि वह्या फाटकाशी रद्दीच्या ढिगात पडल्या. बाबूरावांनी चौकीदाराला विचारून, सायकलवर तीन खेपा करून, त्या घरी आणल्या. त्यांच्या पत्नी भीमाबाईंनी दिवाणातल्या रजया बाहेर काढल्या आणि वह्या आत ठेवल्या. शहरात तेव्हा नवा वारा होता. गच्चीगच्चीवर केबलच्या तारा, गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लास. जो तो म्हणायचा, मिलवाले बसून खात होते, मिली गेल्या ते बरं झालं. एका लग्नात कोणी तरी बाबूरावांना विचारलं, "तुम्ही तर नुसतं पाणीच बघायचे ना?" ते त्यांना फार लागलं.

"बावीस साल मी फोकट घालवले का, एवढंच मेरेको कोणी तरी वाचून सांगा," ते मला म्हणाले आणि त्यांनी आठ पानांचा लेख टेबलावर ठेवला. चार पानं मजकूर, चार पानं आकडे.

मी तो वाचला नाही. वरवर चाळला. ऐनवेळी एका कॉम्प्युटर क्लासची अर्ध्या पानाची जाहिरात आली, तिचं निमित्त करून आकड्यांची चारही पानं काढून टाकली. सुरुवातीला माझी दोन वाक्यं घातली. त्यांत घाम, ओलावा आणि मातृभूमी अशी तिघांचीही सोय लावली. मथळा दिला 'ओलाव्याचा तपस्वी'. 'बावीस वर्षं' जरा आखूड वाटलं म्हणून 'पाव शतक' केलं. वर फोटो टाकला. आठ दिवसांत अंक घरोघर गेला, आणि लोकांनी मला रस्त्यात थांबवून शाबासकी दिली. मला.

बाबूराव अंक घेऊन पुन्हा आले.

"संपादकजी, बावीसचे पंचवीस कसे झाले?"

"अहो बाबूरावजी, वजन येतं त्यानं."

"पण वरचे तीन साल मी कुठून आणू?"

मी हसण्यावारी नेलं. मग त्यांनी विचारलं की आकडे कुठे गेले. आकडे कोण वाचतं, असं मी म्हणालो. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चहा घेतला, वसुधाला नमस्कार केला आणि सायकलवर बसून निघून गेले.

त्यांची मुलगी संबोधी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होती. तिनं माझा अंक वाचला, मिटला आणि दिवाण उघडला. चार महिने बाप-लेक आकडे मांडत बसले. मग तिनं इंग्रजीत लेख लिहिला आणि वडिलांच्या नावानं वस्त्रविज्ञानाच्या एका त्रैमासिकाकडे पाठवला. हे मला कळलं ते त्यांच्याच घरी, भीमाबाईंनी केलेला भुट्ट्याचा कीस खाताना. मन खात होतं म्हणून मी अधूनमधून तिकडे जात असे, आणि कीस चांगला असे म्हणूनही.

"काका, तिथं संपादक एकटा ठरवत नाही," संबोधी म्हणाली.

"मग दिवसभर करतो काय?"

"लेखावरचं नाव काढतो आणि याच विषयात काम केलेल्या दोन जणांकडे पाठवतो. ते कोण, हे आपल्याला कळत नाही. आपण कोण, हे त्यांना कळत नाही. ते चुका शोधतात. त्या निस्तरता आल्या तर लेख छापतात, नाही तर परत."

"फोटो?"

"नाही."

"शाल, नारळ?"

"काही नाही."

"बरं, छापून कधी येणार?"

"एक वर्ष. कदाचित दोन."

"हे मासिक आहे की कोर्ट?" मी म्हणालो. भीमाबाई हसल्या, पण बाबूरावांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते एकाच गोष्टीवर अडले होते.

"नाव काढतात? म्हणजे इंगळे कोण, कुठला, किती शिकला, कौन सी बस्ती का, काहीच विचारत नाहीत?"

"नाही बाबा."

बाबूराव मॅट्रिक होते. मिलमध्ये लागले तेव्हा त्यांना मागावर घेतलं नव्हतं. का घेतलं नव्हतं हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. थर्मामीटरचं काम वाट्याला आलं ते त्यामुळे.

"म्हणजे पहिल्यांदा काम बघणार, आदमी नंतर," ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी कीस वाढून घेतला.

सात महिन्यांनी पत्र आलं. संबोधीनं मला मुद्दाम बोलावलं, बहुतेक माझी जिरवायला. पहिल्या परीक्षकानं किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. दुसऱ्यानं अकरा हरकती काढल्या होत्या. माझा तर पाराच चढला. हा कोण टिकोजीराव, नाव सांगायची हिंमत नाही आणि अकरा हरकती! माझ्या मासिकात कोणी असं केलं असतं तर मी त्याची वर्गणी परत केली असती.

संबोधी एकेक हरकत मराठीत वाचून दाखवत होती. नववी अशी होती: '१९७९ ते १९८१ या तीन वर्षांत भर मे महिन्यातही ओलावा कमी झालेला दिसत नाही, पण धागे मात्र इतर उन्हाळ्यांइतकेच तुटले आहेत. या काळात उपकरणाची जागा बदलली होती का?'

बाबूरावांच्या हातातला चहा हातातच राहिला.

"हो," ते हळूच म्हणाले. "बदलली होती."

खात्याचं छप्पर दुरुस्तीला काढलं तेव्हा थर्मामीटर उचलून पलीकडच्या भिंतीला लावले होते. त्या भिंतीमागे कांजीची खोली होती. सुताला लावायची कांजी तिथं उकळायची आणि दिवसभर वाफ यायची. बाबूरावांनी दोनदा तक्रार केली, कोणी दाद दिली नाही. तीन वर्षं थर्मामीटर तिथंच राहिले. ते जे दाखवत होते ते बाबूरावांनी इमानानं लिहिलं होतं. पण तो ओलावा त्या भिंतीचा होता, खात्याचा नव्हता.

संबोधीचा चेहरा उतरला. "तीन वर्षं गेली तर लेख पडूही शकतो, बाबा."

आता मी जे बोललो तेही लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? लिहून टाका, जागा बदलली नव्हती. मिल राहिली नाही, भिंत राहिली नाही, कोण बघायला येतंय?"

संबोधीनं माझ्यापुढची कपबशी उचलून आत नेली. तिच्यात अजून अर्धा चहा होता.

आणि तेवढ्यात बाबूराव हसायला लागले. आधी थोडं, मग मोठ्यानं, मग मांडीवर थाप मारून.

"अरे भिया, या आदमीनं वाचलंय! पूरं वाचलंय! संबोधीची आई, इकडे ये. बावीस साल साहेबांनी सह्या मारल्या, त्यांना नाही दिसलं. हा कोण कुठला, यानं मिल नाही बघितली, मला नाही बघितलं, आणि याला ती भिंत दिसली!"

डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. भीमाबाई लाटणं घेऊन दारात आल्या. "हसायचंय की रडायचंय ते एक ठरवा," त्या म्हणाल्या, "तवा तापलाय माझा."

बाबूरावांनी लाल पेन्सिल मागितली आणि तीन वर्षं स्वतःच्या हातानं खोडली. मी त्यांना तीन वर्षं फुकट बहाल केली होती, ती त्यांना बोचली. आणि ही तीन वर्षं त्यांनी रोज दर दोन तासांनी चालत जाऊन मिळवली होती, ती त्यांनी गाणं गुणगुणत सोडली. राहिली एकोणीस. उत्तरात त्यांनी छप्पर, भिंत, कांजी, सगळं लिहिलं.

पुढचे पाच महिने मी नास्तिक माणूस रोज कचेरीत जाताना मनातल्या मनात त्या अनोळखी परीक्षकाची विनवणी करत होतो. १९९५ साली अंक आला. राखाडी पुठ्ठा, एकही जाहिरात नाही, आणि लेख सुरू होतो थेट दोनशे अकराव्या पानावर. आधीची पानं कुठायत असं मी विचारलं, तर वर्षभर पानांचे आकडे पुढेच चालतात म्हणे, अंक बदलला तरी. बाबूरावांनी अख्ख्या गल्लीला पोहे-जिलेबी दिली. शेजारच्या गंगूबाईंनी अंक उलटापालटा करून बघितला.

"फोटो कुठाय?"

"फोटो नाही टाकत ते."

"मग तुमचंच कशावरून?"

बाबूरावांनी जिलेबीचं बोट शर्टाला न लागेल असं सांभाळत तक्ता दाखवला. "हे बघा, अठ्ठ्याहत्तर. त्याच्या खाली एकदम ब्याऐंशी. मधली खाली जागा दिसते ना? ती माझी." तळाशी बारीक अक्षरात कारणही छापलं होतं. जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणालाच ते वाचता येत नव्हतं, तरी सगळ्यांनी वाकून बघितलं. मीही बघितलं, आणि मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी चौथी जिलेबी घेतली.

वर्षभरानं त्यांच्या घरी एक जाड पाकीट आलं. वर नाव होतं, डॉक्टर बी. इंगळे. पोस्टमननं ते गल्लीत मोठ्यानं वाचलं आणि दुपारी गंगूबाई गुडघा दाखवायला आल्या. आत त्याच त्रैमासिकाचं पत्र होतं आणि कुणाचा तरी लेख, लेखकाचं नाव काढलेला. विषय सूत आणि हवेतला ओलावा. आपलं मत कळवावं, अशी विनंती.

बाबूरावांनी आधी संबोधीकडून संपादकांना कळवलं की मी डॉक्टर नाही, मॅट्रिक आहे, चालेल का. उत्तर आलं, चालेल. मग तीन आठवडे ते तो लेख घेऊन बसले. संबोधी अर्थ सांगायची, ते वहीत लिहायचे, पुन्हा पहिल्या पानावर जायचे. मी गेलो की "आत्ता नको, संपादकजी, मी वाचतोय" असं मला दारातूनच सांगायचे. माझ्या उभ्या संपादकीत मी हे वाक्य कोणाला म्हटल्याचं आठवत नाही.

शेवटच्या दिवशी मी हजर होतो. संबोधी कॉलेजातून मागून आणलेल्या टाइपरायटरवर बसली होती.

"लिही. मोजमाप सुरेख आहे. पण थर्मामीटर कोणत्या भिंतीला टांगले होते, ते लिहिलेलं नाही. भिंतीमागे काय होतं, तेही सांगावं."

"कोणाचा आहे हो लेख?" मी विचारलं.

"मालूम नाही. विचारायचं पण नाही."

"आणि खाली तुमचं नाव?"

"नाही जात."

ज्या माणसाला मी न मागता फोटो आणि पाव शतक देऊन बसलो होतो, तो बिननावाच्या कागदावर एवढा खूश होता की पेन खिशाला उलटं लावून बसला होता. सात मुद्दे झाले. संबोधी कागद काढायला लागली तेव्हा त्यांनी हात केला.

"थांब. शेवटी लिही, तुमचं लिखाण पहिल्या पानापासून आखिरपर्यंत सगळं वाचलं आहे."

"बाबा, असं लिहायची पद्धत नाही. ते गृहीतच असतं."

"तुला गृहीत असेल बेटा," बाबूराव म्हणाले. "मेरेको बावीस साल नव्हतं. टाइप कर."

तिनं टाइप केलं.