डही, मुक्काम तीन दिवस

पहिल्यानंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको — शकुन, साक्षात्कार, अंगात येणं, यांतलं मी काहीएक मानत नव्हतो. धार संस्थानात सडकेच्या खात्यात मी ओव्हरसियर. साखळीनं रस्ता मोजायचा आणि मैलाचे दगड बसवायचे, हे माझं काम. मांजर आडवं गेलं म्हणून घरातलं कुणी थांबलं, की मी मुद्दाम पुढं जायचो. बायको म्हणे, तुमचा देव मैलाच्या दगडात आहे! अशा माणसाच्या हातून हे घडलं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

आईनं नर्मदेची परिक्रमा मनावर घेतली तेव्हा तिनं पंचावन्नी ओलांडली होती. सोबत शेजारच्या द्वारकाकाकू. दोघी विधवा, दोघी हट्टी. नेमावरला मामाच्या घरून निघायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवून उगमापर्यंत जायचं, तिथून दक्षिण तीरानं समुद्र गाठायचा, नावेनं पलीकडं व्हायचं आणि उत्तर तीरानं परत नेमावर. वाहनात बसायचं नाही, मधे नदी ओलांडायची नाही, चातुर्मासात एका जागी राहायचं. लोक म्हणाले, मैया नेईल तशा जा. मी म्हटलं, नेऊ दे की, पण कोणत्या तिथीला कुठं नेणार ते कागदावर पाहिजे.

मी तक्ता करायला घेतला. येणाऱ्याजाणाऱ्या बैरागी-गोसाव्यांना गाठून गावांची नावं उतरवली, सरकारी नकाशावरून अंतरं काढली. दिवसाला सात-आठ मैल, एकादशीला निम्मे. आई दाराशी बसून माझं बघत असायची. एकदा हळूच म्हणाली, "महादू, झाडी संपली की डही लागतं म्हणे. तिथं तू ये रे. एवढं रान तुडवून बाहेर आल्यावर आधी तुझं तोंड दिसू दे."

मी म्हणालो, "आई, रजा पुरायची नाही. धरमपुरीला येतो. तिथून महेश्वरपर्यंत चालतो तुझ्याबरोबर."

खरं सांगतो... रजा दहा दिवसांची मिळणार होती आणि ती पुरत होती. पण डहीला जायचं म्हणजे तीन दिवस तट्टावर हाडं खिळखिळी करायची. धरमपुरीला गाडी जाते, धर्मशाळा चांगली आहे. आई "बरं" म्हणाली. तिचं "बरं" म्हणजे तिथं विषय संपला.

पक्का तक्ता लिहून झाला, ती भर दुपार होती. सवयीनं वरपासून ताडून पाहिला, तर उत्तर तीराच्या भागात एक ओळ — 'डही, मुक्काम तीन दिवस.' अक्षर माझं. फाल्गुन वद्य द्वितीयेला डहीला पोचून तृतीयेला निघायचं, असं कच्च्या कागदावर स्पष्ट होतं. तीन दिवस आले कुठून? डुलकी लागली असेल म्हणून ओळ खोडणार, तोच लक्षात आलं, की पुढच्या सगळ्या तिथी तीन-तीन दिवसांनी सरकवलेल्या आहेत! धरमपुरी दशमीला हवी, ती त्रयोदशीला. थेट नेमावरपर्यंत हिशेब बिनचूक. डुलकीत माणूस एखादी ओळ चुकेल... पण पंचांगाचे क्षय-वृद्धी सांभाळून सगळ्या तिथी सरकवेल?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नवा कागद घेतला. एकेक ओळ तोंडानं म्हणत लिहिली. डही आलं तेव्हा बोट ठेवून पुढं गेलो. लिहून झाल्यावर पाहतो तर तेच! मुक्काम तीन दिवस, धरमपुरी त्रयोदशी. कागद फाडला आणि कुणाला काही बोललो नाही.

आमच्या खात्यात सखारामपंत म्हणून नकलनवीस होते, मूळचे बागलीचे. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ तिखट. सुट्टीच्या दिवशी त्यांना घरी बोलावलं. म्हटलं, मी कच्च्यावरून वाचतो, तुम्ही लिहा. आई आत तांदूळ निवडत होती. दीड तास मी वाचत होतो, पंत लिहीत होते. शेवटी कागद हातात घेतला, तर डहीपुढं पुन्हा तेच.

"पंत, हे तीन दिवस कुणी सांगितले?"

"कमाल करता महादेवराव! तुम्हीच तर म्हणालात. आणि चांगलं खड्या आवाजात म्हणालात. मला काय सपना पडा था?"

"मी म्हणालो?"

"अहो, वर मान करून म्हणालात. डही, मुक्काम तीन दिवस."

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पंतांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि त्यांचा सूर बदलला. "तबियत ठीक नाहीये तुमची. असं करू, मी वाचतो, तुम्ही फक्त ऐका. लिहितोही मीच." तसं केलं, तेव्हा कुठं कागद शुद्ध उतरला. मी तो तीनदा तपासला आणि द्वारकाकाकूंकडे दिला, कारण आईला वाचता येत नव्हतं. आईला यातलं काही सांगितलं नाही. जायच्या तोंडावर म्हातारीला कशाला घाबरवा? त्या संध्याकाळी तिनं काही निमित्त नसताना शिरा केला होता. फार खुशीत होती.

दोघी निघाल्या. अधूनमधून कुणा परिक्रमावासीच्या तोंडी निरोप यायचा. उगम झाला, चातुर्मास झाला, समुद्र झाला... सगळं तक्त्याबरहुकूम. मी ऑफिसात ऐटीत सांगत फिरायचो.

पुढच्या वर्षी फाल्गुन वद्य अष्टमीला मी आईसाठी नवं लुगडं घेऊन गाडीनं निघालो आणि दशमीला सकाळीच धरमपुरीच्या घाटावर हजर झालो. दशमी गेली. एकादशीलाही कुणी आलं नाही. मी घाटावरून वाटेवर आणि वाटेवरून घाटावर फेऱ्या मारत होतो. खरं तर चिडलो होतो. एवढा तक्ता करून दिला, मग रेंगाळल्या कुठं? द्वादशीला एक साधू त्या बाजूनं आला. त्याला विचारलं.

"दो बायां थीं भिया, डही में रुकी थीं. एक का जी ठीक नी था." याहून जास्त त्याला माहीत नव्हतं.

डही! ते नाव ऐकलं आणि माझा राग जागच्या जागी विरला. तट्टू शोधायला धावलो, पण वाटा दोन. मी एका वाटेनं गेलो आणि त्या दुसरीनं आल्या तर? म्हणून थांबलो. ती त्रयोदशीची सकाळ कशी काढली ते माझं मला ठाऊक. उन्हं वर आली तेव्हा वाटेवर काठी टेकत एक बाई येताना दिसली. एकच.

"काकू, आई कुठंय?"

"मागं आहे," काकू म्हणाल्या. "आधी जेव."

"काकू—"

"जेव म्हटलं ना!"

त्यांनी सदावर्तातून पीठ आणलं, तिथंच चूल मांडली, भाकरी थापल्या. मी खाल्लं. का खाल्लं, कसं गिळलं, सांगता येत नाही. हात धुतले, तेव्हा त्या बोलल्या.

"गेली रे ती. पंचमीला, डहीत. झाडीतून बाहेर पडताना ताप भरला होता, पण चालत होती. पुढच्या गावी वैद्य होता, मी म्हटलं हळूहळू जाऊ. ऐकेना. म्हणे, महादू इथं येणार आहे, आपला इथं तीन दिवस मुक्काम आहे. मी तुझा कागद वाचून दाखवला. म्हटलं, अगं, असं काही लिहिलेलं नाही. तर म्हणे, कागदाचं मला सांगू नकोस, मी माझ्या कानांनी ऐकलंय त्याला पंतांना सांगताना. मला मुद्दाम बोलला नाही तो, अचानक येणार आहे." काकूंनी डोळे पुसले. "तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, तो आला की आधी जेवायला घाल. मग सांग. ती गेल्यावर धारला माणूस धाडला होता मी, तुझी चुकामूक झाली असणार."

काकूंना परिक्रमा मोडता येत नव्हती. महेश्वरपर्यंत मी त्यांच्यामागून चाललो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. शास्त्री म्हणाले, पूर्वसूचना होती, तुम्ही मानली नाही. डॉक्टर म्हणाले, डहीला जायला हवं असं तुमच्या मनात होतं, तेच हातातून आणि तोंडातून बाहेर पडलं. असेल. पण नेमके तीन दिवस मनाला कुठून कळले? आणि सूचना म्हणावी, तर त्या ओळीनंच तिला तिथं थांबवून ठेवलं. मी ती बोललो नसतो तर ती पुढं चालत गेली असती, वैद्यापर्यंत पोचली असती, कदाचित माझ्यापर्यंतही. सावध करायला आलं होतं ते, की न्यायला?

मला उलगडा झालेला नाही. कुणाला होत असेल त्यानं अवश्य लिहावं, मात्र योगायोग म्हणून माझी समजूत घालू नये. आई तीन दिवस ज्याची वाट बघत पडून होती, त्यानंच तिला थांबायला सांगितलं होतं, आणि त्या तिन्ही दिवशी तो धारला ऑफिसात बसून पुढच्या सडकेचे मैल मोजत होता.