नाडीवरचं बोट

बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ खडी फोडण्याच्या एका सरकारी कामावर हजेरी कारकून होतो. वय बावीस. आदल्या वर्षी भिंगारच्या घरात दाढी करता करता वडील हृदयविकाराने गेले होते. मी शेजारच्या खोलीत होतो. रडलो नाही, आलेल्या-गेलेल्यांची सोय बघायची होती.

कामावर रुजू झाल्यावर महिनाभरात माझी छाती धडधडू लागली. बहुतेक दुपारी, हजेरी घेताना. हात गार पडत, एकच नाव दोनदा वाचलं जाई. मग मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची सवय जडली. मोजली की ती वाढे, वाढली की मी पुन्हा मोजे. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे." परतीच्या एसटीत बसलो तोच बोट पुन्हा मनगटावर.

कर्जतच्या दवाखान्यात श्रीरामपूरकडच्या एक वयस्क ख्रिस्ती नर्सबाई होत्या. मजुरांना लस टोचायला त्या कामावर आल्या, तेव्हा मी हात पुढे करून म्हणालो, "जरा नाडी बघता का?"

त्यांनी ती बघितली नाही. "सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा घेतला."

"भूक नाही लागली?"

मला सांगता येईना. भूक लागल्यावर काय होतं, तेच आठवेना. खाणावळीतून डबा यायचा, पण समोर माणसं रेशनवर मिळणाऱ्या मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी कोरडीच खात असताना पोळी-भाजी उघडायची मला लाज वाटे. संध्याकाळपर्यंत भाजी आंबून जाई.

"सगळं लक्ष छातीकडेच आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पोटात काय होतंय, घशात काय होतंय, तेही बघा. नुसतं बघायचं. मोजायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन मजूर बायकांजवळ जाऊन बसलो. त्यांच्यातली एक म्हातारी सरकून म्हणाली, "बसा भाऊसाहेब. तुमी कदी आमच्यात जेवत न्हाई. आमाला वाटलं, आमचा इटाळ मानता."

तिने भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, मी माझी भाजी तिच्यापुढे केली. पहिला घास गेला आणि पोटात पीळ पडला. ती भूक होती. दुसरा घास घशातच अडकला. घसा आवळत चालला होता, आणि हे रडू आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. उठून खडीच्या ढिगामागे गेलो आणि वडिलांसाठी रडलो. बायका बोलत राहिल्या, मागे कोणी आलं नाही.

धडधड लगेच थांबली नाही. पाऊस पडेपर्यंत अधूनमधून येत राहिली. आली की मी बघे: जेवलोय का, पाणी प्यालोय का, कशाची भीती वाटतेय का. बहुतेक वेळा यातलं एखादं निघे. कधी काहीच निघत नसे. तेव्हा ती आपोआप ओसरेपर्यंत मी काम करत राही.

भिंगारला गेल्यावर आईला एवढंच सांगितलं, की कामावर एकदा रडलो. ती म्हणाली, "बरं झालं." आणि मला ताटावर बसवलं.