मास्तरांचा तिसरा मुद्दा

मास्तरांचा आवाज मला आठवीत असताना सापडला. आधी एक छोटा सुका खोकला, मग "आता असं बघ", आणि 'स' म्हणताना पुढच्या दातांच्या फटीतून बारीक शिट्टी. मुरबाडच्या जुन्या चर्चमध्ये ते आमची संडेस्कूल घ्यायचे. ते पाणी प्यायला बाहेर गेले की मी त्यांच्या खुर्चीत बसून पुढचा धडा चालू करायचो. एकदा ते दारातच उभे राहून ऐकत होते. मला दिसले तेव्हा उशीर झालेला. मला वाटलं आता कान पिरगाळणार. ते म्हणाले, "आवाज जमलाय. धडा चुकलाय."

पुढं आमचं घर शहापूरला आलं आणि आमी नव्या मंडळीत जायला लागलो. फरक बाहेरच्या माणसाला सांगायचा तर एवढाच. जुन्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. नव्या मंडळीत म्हणतात, बाळाला काय कळतंय? त्याला मोठं होऊ दे, स्वतः विश्वास धरू दे, मग नदीत पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. मी भातसा नदीत बुडालोय. नाकात पाणी गेलं तेव्हा मी आमच्या पास्टरांच्याच आवाजात खोकलो, असं ताई अजून सगळ्यांना सांगते.

ताईला दिली धसईला, जुन्या चर्चवाल्या घरात. लग्नात काय अडलं नाय. मुलगी झाली तेव्हा अडलं. सासूबाई म्हणाल्या, चाळीस दिवस झाले, आता पाळकांना बोलवा. आमचे बाबा म्हणाले, पोरीला स्वतःचं स्वतः ठरवू दे. महिनाभर दोन्हीकडून फोन. शेवटी ताई म्हणाली, "माझ्या पोरीवरून भांडायचंच असेल तर नीट भांडा. दोन्ही बाजू समोरासमोर बसवा. मी ऐकीन आणि मीच ठरवीन." दाजींनी मान हलवली. दाजी तसे नेहमीच मान हलवतात.

नव्या बाजूनं पास्टर यायचे ठरले. जुन्या बाजूनं मास्तर. पण मास्तरांचा आवाज तोवर गेलेला. घशाचं ऑपरेशन झालं आणि मुंबईच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. ते लहान पोरांची पाटी घेऊन फिरायचे, खिशात पेन्सिल. पाटीवर लिहूनच त्यांनी अट घातली. आधी प्रत्येकानं समोरच्याचं म्हणणं मांडायचं. समोरचा "बरोबर" म्हणाला तरच उत्तर द्यायचं. "बरोबर" नाय म्हणाला तर परत मांडायचं. खाली लिहिलं, "ज्याचं म्हणणं मांडता येत नाय त्याला उत्तर द्यायचा हक्क नाय." पास्टरांना हे आवडलं. ते म्हणाले, तुमचं म्हणणं आमच्यातला कोण मांडणार ते तुमीच सांगा. मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं.

चार दिवस आधी त्यांनी मला एक कागद दिला. तीन मुद्दे, सुवाच्य अक्षर. मी मुरबाडच्या एसटीत एकदा वाचला आणि शर्टाच्या खिशात घातला. तिसरा मुद्दा सगळ्यात लांब होता. म्हटलं, हा ऐन वेळी बघू.

ताईच्या सासरचं खळं त्या दुपारी सारवून साफ केलेलं. वर ताडपत्री, खाली सतरंज्या, शेजारचेही आलेले, कारण चहा होता. मी मास्तरांच्या बाजूला उभा. ते पाटीवर लिहायचे आणि मी मोठ्यानं वाचायचो, त्यांच्याच आवाजात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जुन्या चर्चच्या बाया माना वर करून बघायला लागल्या. एकीनं पदर डोळ्याला लावला. माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

आधी मास्तरांनी आमची, म्हणजे नव्या मंडळीची, बाजू मांडली. पाटी भरली, पुसली, परत भरली. त्यात टिंगल नव्हती. उलट आमच्या बाजूचं जे मला कधी सुचलं नव्हतं तेही त्यांनी लिहिलं, की उधारीचा विश्वास माणसाला पुढं आयुष्यभर त्रास देतो. पास्टर म्हणाले, "बरोबर. मला एवढं नीट सांगता आलं नसतं."

मग जुनी बाजू मांडायची माझी पाळी. पहिला मुद्दा सांगितला, लोक हसले, आवाजाला. दुसरा सांगितला, अजून हसले. कागद खिशातच होता. तो काढायला हात वर गेला असता तर आवाजाची लय तुटली असती, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी खोकलो आणि म्हणालो, "आता असं बघ, तिसरं. धरणाचं पाणी सगळं जातं मुंबईला. आपल्याला उरतं ओंजळभर. तेवढ्यात माणूस बुडणार कसा? म्हणून आमी शिंपडून भागवतो."

सगळं खळं हसलं. सासूबाईसुद्धा हसल्या. पास्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. ताई हसता हसता पोरीला थोपटत होती.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं आणि माझ्याकडं वळवली. "तिसरं हे नव्हे. परत सांग."

पाटी माझ्याकडंच होती. दुसऱ्या कुणाला दिसली नाय. लोक वाट बघत होते, तोंडावर हसू तसंच. मी मास्तरांच्या आवाजात वाचलं, "बरोबर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाय. संडेस्कूलमध्ये उत्तर चुकलं की ते गप्प थांबायचे, पोरगं स्वतःच सुधारील म्हणून, तसं. मी चहावाल्या काकूंकडं बघितलं. मग मास्तरांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली.

पास्टरांनी उत्तर दिलं, चांगलं, मुद्देसूद. पहिल्याला दिलं, दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याला हसून सोडून दिलं. ताईनं ठरवलं, पोरगी मोठी होईपर्यंत थांबायचं. सासूबाई उठून चहाचे कप गोळा करायला लागल्या. अडीच महिन्यांनी मास्तर गेले.

तेव्हापासून तो शब्द माझा राहिला नाय. किराणावाला हिशोब सांगून विचारतो, बरोबर ना? मी हो म्हणतो, चालेल म्हणतो, मान हलवतो. एकदा दाढी करताना कुणाशी तरी फोनवर बोलत होतो आणि निघून गेला तोंडातून, शिट्टीसकट नसला तरी त्याच पट्टीत. आरशात माझंच तोंड होतं, फेस लागलेलं. मित्र लग्नात म्हणतात, मास्तर काढ ना. मी म्हणतो घसा बसलाय. एकदा काढला होता. दोन वाक्यं झाली आणि मला वाटलं पाठीमागं कोणीतरी पेन्सिल चालवतंय. ती किरकिर पंख्याची होती. पण मी तेवढ्यावरच थांबलो.

मास्तर गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो तेव्हा मास्तरांच्या बाई म्हणाल्या, "एकदा बोल ना रे त्यांच्यासारखं."

मी बोललो. "आता असं बघ."

त्या डोळे मिटून बसलेल्या. म्हणाल्या, "पुढं?"

पुढं माझ्याकडं काय नव्हतं. एवढ्या वर्षांत मी त्यांचा खोकला शिकलो, शिट्टी शिकलो, वाक्य कुठं उचलायचं ते शिकलो. ते काय म्हणत होते ते एकदाही ऐकलं नव्हतं. घरी आलो आणि तो शर्ट शोधला. कागद धुतला गेला होता, पण बॉलपेनची अक्षरं राहिली होती. त्या दिवशी तिसरा मुद्दा पहिल्यांदा पूर्ण वाचला.

ताईला सांगायला आठ दिवस लागले. ती तांदूळ निवडत होती. मी पाटीचं सांगितलं.

"तिथं काय लिहिलं होतं?"

सांगितलं.

"आणि तू बरोबर म्हणालास."

"हो."

ती थोडा वेळ खडे काढत राहिली. "मी तुझ्या विनोदावर ठरवलं रे पोरीचं."

"तसं नाय गो ताई, पास्टरांचं म्हणणं पण पटलं होतं ना तुला?"

"पटलं असेल. पण समोर उभा कोण होता? तूच होतास दोन्हीकडं." मग ती म्हणाली, "सगळ्यांना बोलव. सगळ्यांसमोर सांग. आणि त्यांच्या आवाजात नको."

परत तेच खळं, तीच ताडपत्री. मास्तरांच्या बाई पुढं बसल्या होत्या. मी उभा राहिलो तसे लोक हसायलाच लागले, मी तोंडही उघडलं नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरांच्या आवाजात होऊ दे." मी पाटीचं सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. मग कागद वाचला. माझा आवाज मलाच पातळ वाटत होता.

लिहिलं होतं, "लेकरू पाण्यापाशी चालत येत नाही, त्याला कोणीतरी उचलून आणतं. मोठा माणूस स्वतः चालत येतो असं आपल्याला वाटतं. पण त्यालाही देवानंच उचलून आणलेलं असतं. विश्वास आपण कमावत नाही, तो दिला जातो. बाळाकडे बघताना हे लपत नाही, म्हणून आम्ही बाळाला आणतो. तुम्हाला हे पटलं नाही तरी आपण एकाच देवाचे. पण नाकारायचं तर हे नाकारा, दुसरं नको."

मास्तरांच्या बाईंनी मान हलवली.

पास्टरांनी कागद मागून घेतला, स्वतः एकदा वाचला. म्हणाले, "हे त्या दिवशी ऐकलं असतं तर मला पटलंच असतं असं नाय. पण मी उत्तर वेगळं दिलं असतं." आणि त्यांनी ते वेगळं उत्तर दिलं. विश्वास दिला जातो हे त्यांना मान्य होतं. पण दिलेलं घ्यायला माणसाला हात पुढं करावा लागतो, आणि बाळाच्या वतीनं तो हात दुसऱ्या कुणाला पुढं करता येत नाय, असं त्यांचं म्हणणं. आवाज न चढवता बोलले. मग सवयीनं थांबले, कारण आता समोरच्या बाजूची पाळी होती.

ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. पोरगी ताईच्या मांडीवर उभी राहायला बघत होती. ताईनं तिला एका हातानं धरलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "यावर मास्तर काय म्हणाले असते?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच ऐकायचं होतं.